हरवलेल्या यानाचा तक्ता

सोनालीनं कॅलेंडरचं सप्टेंबरचं पान फाडलं, ओटीवर उलटं पसरलं आणि पट्टी धरून त्यावर सहा रेघा मारल्या. वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘हरवलेल्या यानाचं काय झालं?’

"लवकर लिही गो," पल्लवी म्हणाली. "आमी केव्हाचे आभाळात लटकलोय."

"लटका. घाईत केलेला तक्ता कामाचा नसतो."

शेजारची पल्लवी आणि तिचा भाऊ रत्नदीप रविवारची जेवणं आटोपली की माळशेज घाटाखालच्या टोकावडे गावातल्या या ओटीवर हजर. रत्नदीप मुरबाडच्या एका कारखान्यात कामाला होता. कल्याणला कॉलेजात असताना एका मित्रानं त्याला हा खेळ दाखवला होता. ना पट, ना सोंगट्या. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि गाडं अडलं की फासा टाकायचा. तक्त्यात त्या आकड्यासमोर जे लिहिलं असेल ते निमूट मानायचं, सांगणारीनंसुद्धा. मित्राचं इंग्रजी पुस्तक मित्राकडंच राहिलं, म्हणून तक्ते यांना घरीच करावे लागले. फासा लुडोतला, त्यामुळं ओळी सहा.

आणि तक्ते करावेत ते सोनालीनंच. नव्या ग्रहावर उतरल्यावर आधी काय दिसतं, इंजिन बिघडायच्या आधी आवाज कसला येतो, तिकडची माणसं पहिला प्रश्न कुठला विचारतात, असे कितीतरी तक्ते तिनं केले होते. तिच्या एका ग्रहावर पाऊस जमिनीतून वर जायचा आणि लोक छत्र्या पायाला बांधून हिंडायचे. त्या दिवशी रत्नदीप हसून हसून ओटीवरून पडायचाच बाकी राहिला होता.

पण नियमाला तो पक्का. पहिल्याच दिवशी त्यानं तिला बजावलं होतं, "साही ओळी खऱ्या पायजेत. जी ओळ येऊ नये असं तुला वाटतं, ती आधी लिहायची. नायतर तक्ता लबाड."

ओटीच्या दुसऱ्या टोकाला सोनालीची आई, पारू, भिजवलेले वाल सोलत बसली होती. या खेळाला ती ‘तुमचं आभाळातलं’ म्हणायची आणि त्यापलीकडं त्यात कधी डोकं घालायची नाही. कपाळावर नेहमीसारखं रुपयाएवढं कुंकू.

त्या कुंकवावरून गावात बोलणं व्हायचंच. सोनालीचा बाप, धर्मा, ट्रकवर क्लीनर होता. ती बारा वर्षांची असताना एका सकाळी माळशेज घाट चढून वर गेला तो गेलाच. ट्रक परत आला, धर्मा नाही. शोधाशोध झाली, देवाला कौल लावून झाला, पोलिसांत सांगून झालं. आता बारा वर्षं भरली. पत्ता नसलेल्या माणसाचा बारा वर्षांनी पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, म्हणजे मागच्यांची सुटका होते. येत्या सर्वपित्रीला तो विधी उरकावा असं धर्माच्या धाकट्या भावाचं, दामूकाकांचं, म्हणणं होतं. पारूपुढं विषय काढला की ती म्हणायची, "पुढच्या वर्साला बगू." लोक म्हणायचे, बाईची आशा सुटत नाही.

सोनालीला विधी हवा होता. कुणाला पटो न पटो, हवा होता. घाटावरून उतरणाऱ्या एसटीचा हॉर्न वाजला की चोविसाव्या वर्षीसुद्धा तिची मान आपोआप रस्त्याकडं वळायची, आणि त्या मानेचा तिला वीट आला होता. आज चहाच्या वेळेला काका शेवटचं विचारायला येणार होते. तोवर आईला कसंही करून वळवते, असा शब्द तिनं त्यांना दिला होता. सकाळपासून चारदा तोंड उघडलं आणि चारदा मिटलं. शेवटी हा तक्ता घेऊन बसली.

पाच ओळी झाल्या. तिनं वाचून दाखवल्या.

"एक, उल्का आदळली, आतले लोक अजून दुरुस्ती करताहेत. दोन, इंधन संपलं, ओसाड ग्रहावर अडकलेत. तीन, शत्रूनं डांबून ठेवलंय, रोज पळायला बघतात. चार, वाट चुकली, एकाच ताऱ्याभोवती फेऱ्या मारताहेत. पाच, आतली माणसं केव्हाच मेली, पण यान आपलं आपण घराकडं यायला निघालंय."

"पाचवी भारी हाय," रत्नदीप म्हणाला. "आनि सहावी?"

"सुचत नाय."

"तुला? तुला सुचत नाय?"

पारूचा हात परातीत थांबला होता.

"परत वाच गो," ती म्हणाली.

सोनालीला नवलच वाटलं. तिनं पुन्हा वाचलं. पारूनं एक दाणा सोलला, सालपट बाजूला टाकलं.

"ह्या पाचींना घरी यायचंय," ती म्हणाली.

"मग?"

"ज्याला यायचंच नाय, असं एक बी यान नाय का गो तुझ्याकडं?"

मग रत्नदीपनं मांडीवर थाप मारली. "बरोबर! हीच ओळ राहिली व्हती. मावशी, तू सांग, ती लिहिते."

"लिव," पारू खाली बघतच म्हणाली. "यान धड हाय. त्याला काय बी झालं नाय. दुसरीकडं उतरलं नि तिथंच घर केलं. कुनी बांधून ठेवलेलं नाय."

"पण मावशी, आमाला हे कळणार कसं?" पल्लवी पुरती खेळात होती. "त्यांचा रेडिओ तर बंद हाय."

"येनारं-जानारं कुनीतरी सांगतंच. मग जाऊन बगायचं."

"आणि मग?"

"लांबनं बगायचं. अंगनात दोन पोरं असतील. तो त्यांना पेरू कापून देत बसला असंल. आंगानं भरला असंल जरा. बगायचं, नि संध्याकाळच्या गाडीनं मागारी यायचं."

यानाला ती गाडी म्हणाली म्हणून पल्लवी हसली. एकटीच हसली, आणि भावाच्या तोंडाकडं बघून गप्प झाली.

सोनालीचं पेन कागदावर टेकून राहिलं होतं. आई जन्मात एकदाच घाट चढून वर गेली होती. सोनाली तेव्हा आठवीत होती. नवस फेडायला जाते म्हणून पहाटेच्या एसटीनं गेली आणि दिवेलागणीला परतली, हात हलवत. प्रसाद कुठं, म्हणून पोरीनं भोकाड पसरलं, तर म्हणाली, "विसरले." देवाला जाऊन प्रसाद विसरून येणारी बाई म्हणून सोनाली तिला आजवर चिडवायची. गेल्याच महिन्यात पल्लवीसमोर चिडवलं होतं. आईसुद्धा हसली होती त्यावर.

"आणि घरी आल्यावर?" सोनालीनं विचारलं. "घरी जी वाट बघताहेत, त्यांना काय सांगायचं?"

पारूनं पदरानं हात पुसले. कोरडे हात परत परत पुसले.

"त्यातलं एक लहान व्हतं," ती म्हणाली. "म्हटलं, मोठं झालं की सांगू. मग ते मोठं झालं. तरी रोज वाटायचं, आज नको. बाप कुठंतरी अडकलाय म्हनून येत नाय, असंच त्याला वाटू दे. आपल्याला टाकून गेला, हे पोरीला कुठल्या तोंडानं सांगायचं?"

सोनालीनं आईच्या कपाळाकडं बघितलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, हे आशेचं कुंकू आहे. कसली आशा! नवरा जिवंत असलेल्या बाईनं कुंकू लावलं होतं, एवढंच. आणि जिवंत माणसाच्या नावानं आग लावायला तिचा हात धजला नव्हता. तो कसाही असला तरी.

तिनं सहावी ओळ लिहिली. आईनं सांगितली तशीच, एक शब्द न बदलता.

रत्नदीपनं फासा मुठीत धरला. "आज इथंच थांबू या," तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात अंगणात सायकल टेकल्याचा आवाज आला. दामूकाका घाम पुसत ओटीवर चढले, पोरांच्या पसाऱ्याकडं बघून मान हलवली आणि सोनालीकडं बघून भुवया उडवल्या.

"मग? झालं का बोलनं? भटजींना आजच सांगायला पायजे. पळसाची पानं मी आनतो, त्याची काळजी नको."

पारू पुन्हा वाल सोलायला लागली होती.

"काका, विधी नाय करायचा," सोनाली म्हणाली.

"आं? अगो, तूच म्हनलीस ना मला, करून टाका म्हनून?"

"म्हटलं व्हतं. आता मीच सांगते, नाय करायचा."

काकांनी वहिनीकडं बघितलं, मग पुतणीकडं. त्यांना राग आला होता, पण त्याहून जास्त ते थकलेले दिसत होते. तेही भाऊच ना.

"पोरी, बारा वर्षं झाली," ते म्हणाले. "अजून किती वाट बगनार तुमी दोघी?"

"वाट नाय बघत काका, आमी."

पारूचे हात थांबले. ती परात घेऊन उठली. दारात पदर तोंडाशी नेला आणि आत गेली.

"बसा भावजी," आतून आवाज आला. "चहा टाकते. पोरांनो, तुमाला बी."

रस्त्यावर घाटाकडून उतरलेल्या एसटीनं हॉर्न दिला. सोनालीची मान वळलीच, सवयच ती. पण गाडीतून कोण उतरतंय ते बघायला ती थांबली नाही. तिनं रत्नदीपची मूठ उघडून फासा काढून घेतला आणि पल्लवीच्या हातावर ठेवला.

"टाक," ती म्हणाली. "तुमचं यान पुढं न्यायचंय."