उकंडरावची जर्मन मेम

सवत हाडामांसाची असली तर निदान भांडता तरी येतं. तिच्या झिंज्या धरता येतात, तिच्या माहेराचा उद्धार करता येतो, फारच झालं तर तिच्या नावानं लिंबू कापता येतं. अमडापूरच्या वच्छलाबाईच्या नशिबी आली ती पत्र्याची. माणसाहून उंच, रुंद कमरेची, लखलखीत, आणि तोंडातून शब्द नाही. अशा सवतीशी बाईनं भांडावं तरी कसं, तुम्हीच सांगा.

तो होता डबल बास. म्हणजे व्हायोलिनच, पण पुरुषभर उंचीचं. जमिनीवर उभं करायचं, कवेत घ्यायचं आणि बोटांनी जाड तारा ओढायच्या. सगळीकडं तो लाकडाचा असतो म्हणे. हा मात्र ॲल्युमिनियमचा होता. मुंबईच्या कुठल्याशा हॉटेलात गोऱ्यांचा बाजा वाजायचा. लढाई लागली, बाजा मोडला, आणि खामगावच्या रहेमतुल्ला बँडवाल्यानं तिथली वाद्यं ढिगानं उचलून आणली. त्या ढिगात हे धूड आलं. रहेमतुल्लाला ते काय कामाचं? वरातीत चालता चालता वाजवता येत नाही. वच्छलाबाईचा नवरा उकंडराव लग्नसराईत त्याच्याकडं मोठा ढोल वाजवायला जायचा. त्यानं ते पाहिलं, एक तार ओढून पाहिली, आणि दिवाळी झाल्या झाल्या घरची म्हशीची पारडी देऊन ते गाडीत घालून आणलं. ती पारडी वच्छलाबाईनं बोटावर दूध चाटवून वाढवली होती. तिला विचारलं का? नावच नको.

रहेमतुल्ला त्याला मेमसाब म्हणायचा. आणि ॲल्युमिनियमला आपल्या वऱ्हाडात म्हणतात जर्मन. जर्मनचा गंज म्हणजे पातेलं, जर्मनचं ताट, जर्मनचा डबा. आठ दिवसांत गावानं बारसं उरकून टाकलं: जर्मन मेम.

सासू गेल्यापासून घरात माणसं दोनच. नऊ वर्षांचा संसार. उकंडराव वाईट नव्हता, हात उचलणारा नव्हता, पण बोलणारा म्हणाल तर तोही नव्हता. भाकर वाढली की खायची, पाणी दिलं की प्यायचं. वच्छलाबाईनं मनाशी समजूत घातली होती की बाप्पा, या माणसाला देवानं जीवच कमी दिला. मेम घरात आली आणि कळलं की जीव पुष्कळ होता, फक्त तो बाईसाठी नव्हता.

वावरातून आला की आधी हातपाय धुवायचा. बायकोच्या हातचं पाणी प्यायला नाही, मेमला हात लावायला. घामाचा हात लागला की पत्र्यावर डाग पडतो म्हणे. मग धुतलेल्या धोतराच्या मऊ तुकड्यानं तिचं अंग पुसायचं, मानेपासून खाली, हळूहळू. कुठं मळ धरला तर लिंबाच्या पाण्याचा हात, लगेच कोरडं फडकं. एकदा गाडीतून उतरवताना तिच्या पोटाला पोचा आला होता. त्यानं वाकड्या काठीला चिंध्यांचा गोळा बांधला, तिच्या पोटावरच्या नागमोडी फटीतून आत घातला, आणि तीन संध्याकाळी कान लावून आतून दाबत बसला. पोचा निघाला तेव्हा हा माणूस हसला. वच्छलाबाई चुलीपाशी पाहत होती. लग्नातसुद्धा तो असा हसला नव्हता.

एकदा तार तुटली. तार नावाला, असते ती आतड्याची तात. तशी तात पिंजाऱ्याच्या धनुकलीला लागते, म्हणून हा गडी चिखलीच्या गफ्फार पिंजाऱ्याकडं पायी गेला आणि तीन ताती एकात पिळून घेऊन आला. एवढी रपेट! आणि वच्छलाबाईच्या बांगड्या फुटल्या तेव्हा म्हणाला होता, "पाहू पुढच्या बाजारी."

जळणं म्हणजे काय ते या दिवसांत तिला कळलं. शेजारणीच्या लुगड्यावर जळणं वेगळं. हे आतून, भाकर थापताना, दळताना, गोठ्यात शेण काढताना, चोवीस तास.

पौषात ती एकदा हातघाईवर आली. उकंडराव वावरात होता. तिनं चुलीतली राख घेतली, त्यात मूठभर पापडखार घातला आणि मेमला पाठीमागून घसघस घासलं. मनात पाप होतं का, हे तिला विचाराल तर ती शपथ घेऊन सांगेल की साफच करत होती. पितळेला राख चालते, तांब्याला चालते, पण जर्मनला खार चालत नाही. भाकरीएवढा काळा डाग पडला. कासाराला दाखवला तर त्यानं हात जोडले. जर्मनला कल्हई चढत नाही की डाख धरत नाही.

"काऊन हात लावला तू तिले?" उकंडराव ओरडला. नऊ वर्षांत पहिल्यांदा ओरडला. "कोनं सांगतलं होतं तुले?"

"घर माह्यं हाय," ती म्हणाली. "घरात काय घासाचं ते कोनाले इचारू?"

"तिले नाही घासाचं! तिच्या जवळ जाऊ नको!"

तिच्या जवळ जाऊ नको! धन्य हो! वच्छलाबाईनं त्याच क्षणी ठरवलं: अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ही भवानी घराबाहेर गेली पाहिजे, नाहीतर आपण चिखलीला माहेरी. एका घरात दोघी नाही. तसं तिनं नवऱ्याला तोंडावर सांगितलंही. तो म्हणाला, "पाहू."

आणि जवळ जाऊ नको म्हटल्यावर कोणती बाई जाणार नाही? संक्रांतीपासून, तो वावरात गेला की, ती दाराला कडी लावून मेमसमोर उभी राहायची. असं काय आहे हिच्यात, ते एकदा पाहू तरी. पहिल्यांदा तिनं जाडी तात ओढली ती शिवी देत ओढली. "रांडे," म्हणाली आणि ओढली. तो आवाज कानात नाही गेला, बेंबीत गेला. ती घाबरून मागं सरली. मग पुन्हा ओढली. मग तिला रोज शिव्या द्यायच्या असायच्या आणि एका शिवीमागं एक तात. कुठं दाबलं की आवाज चढतो, कुठं उतरतो, ते शिव्यांच्या नादात बोटांना कळत गेलं. पण जळणं कमी झालं म्हणाल तर छे! उलट आता तिला कळत होतं की नवरा काय ऐकतो, आणि त्यानं आग आणखीच भडकली.

अखजीच्या तोंडावर बाजारात तिला रुक्मिणीबाई भेटली, तिच्या मावशीची लेक. दुःख विचारायचा अवकाश, वच्छलाबाईचं तोंड सुटलं.

"काय सांगू वं बाई! यायनं घरात जर्मन मेम आनून बसवली. मुंबईची हाय. दिवसभर तिच्या अंगावर हात फिरवते. मले जवळ जाऊ देत नाही. मी त पानीभरी झाली, पानीभरी!"

गुळाच्या दुकानापाशी एक नवा जमादार उभा होता. जबलपूरकडचा माणूस, वऱ्हाडात येऊन महिना झाला नव्हता. लढाईचे दिवस. परका माणूस दिसला, कोणी काही बाही बोललं की खबर घ्या, असा वरून हुकूम. मराठी त्याला अर्धीमुर्धी कळायची. आणि अर्धीमुर्धी मराठी पार न कळण्याहून वाईट.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाईच्या दारात जमादार, एक शिपाई, पोलीस पाटील पंजाबराव आणि त्यांच्यामागं निम्मं गाव.

"कहाँ है वो जर्मन औरत?" जमादार गरजला.

पंजाबराव पाटलानं एकदा उकंडरावकडं, एकदा वच्छलाबाईकडं पाहिलं. त्याच्या मिशा हलायला लागल्या, पण सरकारी माणूस, हसणार कसा? शिपाई आत गेला आणि मेमला घेऊन ओसरीवर आला. अन् मग जे गाव हसलं! पोरी हसल्या, म्हातारे हसले, पाटलानं उपरणं तोंडात कोंबलं. "साहेब, पकडा, पयून जाईन!" कोणीतरी मागून ओरडलं.

हसण्यानं माणूस विझतो किंवा पेटतो. जमादार पेटला. त्यानं मेमच्या पत्र्यावर काठी वाजवली. "ये तो हवाई जहाज का माल है। लड़ाई का माल। तेरे पास कहाँ से आया? कागज दिखा!"

कागद कुठला? पारडी देऊन आणलेल्या वस्तूचा कागद असतो? उकंडराव नुसता मेमकडं पाहत राहिला.

"चोरी का माल. डाल गाडी में," जमादार म्हणाला.

वच्छलाबाई दाराआड उभी होती. काय वाटलं असेल तिला? देव पावला असं वाटलं, दुसरं काय! ने बाबा, ने. मी काही केलं नाही, मी बोलले नाही, सरकारनं नेली. शिपायानं मेमची मान धरली आणि ओढत ओसरीच्या कडेला आणली.

आणि उकंडरावच्या डोळ्यांतून पाणी आलं. चारचौघांत, पुरुषमाणूस, गालावरून पाणी. पुसायचंही भान नाही.

तिथं वच्छलाबाईच्या काळजात चर्र झालं. नवऱ्याची दया आली असं समजू नका, दया नंतरची. तिला आठवली तिची मावससासू अन्नपूर्णाबाई. दुसरेपणाची होती बिचारी. मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक जन्मभर गळ्यात वागवत होती. रोज त्याला हळदकुंकू वाहायचं, सणावाराला आधी त्याला नैवेद्य, मग आपला घास. जिवंत सवत म्हातारी होते, तिचे दात पडतात. मेलेलीचं तसं नाही. ती जशी गेली तशीच राहते, अन् नवरा तिच्याच आठवणीत झुरतो. ही आज गेली तर हा माणूस मरेपर्यंत हिच्यासाठी रडणार. भाकर खाताना रडणार, वावरात रडणार. आणि आपण गळ्यात टाक बांधायचा कोणाचा? पत्र्याचा?

नाही बाप्पा! राहू दे, डोळ्यासमोर राहू दे. डोळ्यासमोर पोचे तरी पडतील.

तिनं पदर खोचला आणि बाहेर आली.

"सोड तिले!" शिपायाला म्हणाली. "मान धरून ओढतो काऊन? ताती उचलून धरते ते घोडी पडंन ना! माल माह्या हाय."

"तेरा?" जमादार म्हणाला.

"माह्या. पारडी माही होती, ते देऊन आनला. पारडी खामगावात रहेमतुल्लाच्या दारात बांधेल हाय, जाऊन पाहा. अन् पाठीवर भाकरीएवढा काया डाग हाय, तो मी पापडखारानं पाडला. पोटाले उजवीकडं पोचा होता, तो आतून काढला. खालच्या बाजूले दोन रिबिटा ढिल्या हायेत, तिथं मेन लावेल हाय, नाही त आवाजात झनझन येते. जाडी तात चिखलीच्या गफ्फारची हाय, तीन पदराची. मोजा."

जमादारानं मेमची पाठ फिरवून पाहिली. डाग होता. तात तीन पदराची होती. तरी हार मानेना. "तेरा है तो बजा के दिखा।"

बाईमाणूस, भर ओसरीत, चार पुरुषांसमोर! वच्छलाबाईनं मेमला शिपायाच्या हातातून घेतलं, खांद्याशी टेकवलं, आणि डोळे जमादारावर ठेवून मनातल्या मनात अस्सल वऱ्हाडी शिवी हासडली. एक शिवी, एक तात. धूम्म. दुसरी शिवी, दुसरी तात. मग चढती, मग उतरती. जमादाराला जेवढं द्यायचं होतं तेवढं सगळं तिनं दिलं. ओसरीच्या लाकडी खांबांना हात लावून उभ्या असलेल्या बायांना तळव्यात तो आवाज लागला. कोणी हललं नाही.

पंजाबराव पाटील खाकरले. "साहेब, पंचनामा लिवतो मी. जर्मन बाई पकडाले आलो, तपासात ती गंजाच्या पत्र्याची निंगाली, असं लिवू ना? वर पाठवा लागंन ते."

जमादारानं पाटलाकडं पाहिलं, गावाकडं पाहिलं, काठी काखेत मारली आणि चालता झाला.

लोक पांगले. बायका वच्छलाबाईच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. ओसरीवर उरले दोघं आणि मधे मेम. आता हा पाया पडतो की काय, असं वच्छलाबाईला वाटलं. निदान दोन शब्द गोड बोलेल.

उकंडराव तिच्या बोटांकडं पाहत होता.

"कव्हापासून चालू हाय हे?" तो म्हणाला.

"काय चालू हाय?"

"हेच. मी वावरात असतो तवा."

"संक्रांतीपासून."

"रोज?"

"रोज कोठचं? बाजाराच्या दिवशी नाही."

तो मटकन खाली बसला. मग खाली मान घालून, अडखळत म्हणाला, "माह्या हातानं ती जाडी तात अशी नाही बोलत. माह्या हातानं बसकी बोलते."

वच्छलाबाईनं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि तिला तो ओळखीचा वाटला. ते आवळलेले ओठ, ती खाली गेलेली नजर. पाण्याच्या हंड्यात वाकून पाहिलं की गेले सहा महिने तिला हेच तोंड दिसत होतं. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. मग थोडी दयाही आली, ती मी म्हटलं ना, नंतरची.

अखजी झाली. वच्छलाबाई माहेरी गेली नाही आणि मेमही गेली नाही. पण उकंडरावचं वावरात लक्ष लागेना. दिवस दिवस तिकडं राहणारा माणूस आता भर दुपारी, डोक्यावर ऊन घेत, घरी यायला लागला. पाय न वाजवता यायचा. बायको चुलीपाशी दिसली तरी तिच्याशी बोलायच्या आधी सरळ मेमपाशी जायचा आणि तिच्या कमरेवर तळवा ठेवायचा. गरम लागते का पाहायला. आत्ताच कोणी कवेत घेतली होती का पाहायला.

गरमच लागायची. वैशाखातल्या दुपारी पत्रा गरम लागणार नाही तर काय? दारात ठेवलेला गंजसुद्धा हात पोळवतो. दहा वेळा हात लावा, दहा वेळा गरम. पण उकंडराव तळवा ठेवायचा, वळून बायकोकडं पाहायचा, आणि त्याचं तोंड उतरायचं.

"भाकर वाढू?" वच्छलाबाई विचारायची.

ऊन कसं तापतं हे तिनं त्याला एकदाही सांगितलं नाही.