हेस्टर पिनॉक यांचे चार मनोरे

दिनांक आठ जून, सन दोन हजार एकोणीस, शनिवार, सकाळचे नऊ वाजून पाच मिनिटे. स्थळ, दक्षिण डेव्हनमधील कॉम्बवेल गावच्या चर्चचे फाटक. तेथे हेस्टर पिनॉक, वय वर्षे शहात्तर, निवृत्त गावनर्स आणि आमच्या घंटावादक मंडळाच्या प्रमुख, यांनी आपल्या एकुलत्या एका मुलाच्या सात आसनी गाडीत पाऊल ठेवण्यास पाच साक्षीदारांदेखत नकार दिला.

"आई, दार उघडून उभा आहे मी. चल ना आता," जाइल्स म्हणाला.

"लावून घे दार, बाळा. माश्या शिरतील आत. माझी बस नऊ चौदाला आहे."

आमच्या मंडळाची रीत अशी की, दर जूनमध्ये एके दिवशी परगावच्या चार मनोऱ्यांवर जाऊन तेथील घंटा वाजवायच्या. प्रत्येक चर्चकडून आधी वेळ मागून घेतलेली असते. घंटा सहा आणि आम्ही वाजवणारेही सहाच. त्यामुळे एक माणूस उशिरा आला की साराच नाद लंगडा होतो. एकतीस वर्षे हा दौरा हेस्टरबाईंच्या छोट्या निळ्या मोटारीच्या मागोमाग चालला होता. मात्र मार्च महिन्यात डॉक्टरांना त्यांच्या नजरेच्या ऐन मध्यावर एक डाग सापडला, आणि त्यांनी त्याच आठवड्यात आपले लायसन्स आपण होऊन टपालाने परत पाठवले. मोटार विकली गेली. तेव्हापासून एक्सेटरला राहणाऱ्या जाइल्सने एकच धोशा लावला होता: गाडीवाचून खेड्यात राहणे म्हणजे कैद, घर विकावे आणि त्याच्या शेजारच्या तळमजल्यावरील फ्लॅटमध्ये यावे.

अखेर त्या दोघांत करार ठरला होता, आणि हेस्टरबाईंनी तो फाटकापाशी पुन्हा एकदा मोठ्याने सांगितला. "चारही ठिकाणी ठरल्या वेळेला माझ्या हातात दोर असेल. एक जरी चुकला, तर सोमवारी येऊन फ्लॅटच्या कागदांवर सही करते. नाही चुकला, तर हा विषय परत काढायचा नाही. कबूल?"

"कबूल. पण आई, दुपारपर्यंत कुठल्यातरी स्टॉपवर बसलेली सापडशील तू."

मी गावचा निवृत्त शाळामास्तर, आणि माझे मत जाइल्सच्या बाजूचे होते, हे लपवण्यात अर्थ नाही. मोटार माणसाच्या इच्छेने चालते. बसच्या इच्छेने माणसाला चालावे लागते. जेथे दिवसाकाठी तीन बसगाड्या जातात, तेथे सोय कोणत्या पक्षाला आहे याविषयी वाद संभवतच नाही. शिवाय स्टॉपवरील वेळापत्रक मी आदल्या दिवशी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले होते. तिसऱ्या गावाहून चौथ्या गावाला जाणाऱ्या तीन वाजून पाच मिनिटांच्या बससमोर एक खूण होती, आणि त्या खुणेचा खुलासा तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत होता: केवळ शाळेच्या दिवशी. हा शोध मी स्वतःजवळच ठेवला. त्यात मला थोडे समाधानही वाटले, याची आज लाज वाटते.

वाटेत पेट्रोल भरून आम्ही पहिल्या मनोऱ्यावर पोहोचलो, तेव्हा हेस्टरबाई बाकावर बसून थर्मासमधला चहा पीत होत्या. दुसऱ्या गावात जत्रा भरली होती. गाडी लावण्याच्या जागेसाठी आम्ही गावाला तीन प्रदक्षिणा घातल्या. गावातले किराणा दुकान चालवणारी आमची बेरिल मागच्या आसनावरून म्हणाली, "जाइल्स, आपण घंटा वाजवायला आलोय की गाडी फिरवून आणायला?" तेथेही त्या आमच्याआधी हजर होत्या.

तिसरे गाव थॉर्नलेक, वेळ सव्वादोनची. जाइल्सच्या गाडीतील वाट सांगणाऱ्या यंत्राने जवळचा रस्ता सुचवला, आणि त्याने तो घेतला. आमच्याकडच्या वाटा दोन्ही बाजूंच्या मातीच्या बांधांत खोल रुतलेल्या असतात; बांधावर कुंपणाची झाडी, आणि मध्ये एका वाहनापुरती जागा. समोरासमोर गाठ पडली, तर बाजूला घेण्याची जागा ज्याच्या जवळ असेल त्याने मागे जायचे. बस आली, तर मात्र हा हिशेबही करायचा नसतो. मुकाट्याने मागे जायचे. हे कोणी कोणाला शिकवत नाही, आणि शहरात अर्धे आयुष्य काढलेल्या माणसाला ते आठवतही नाही.

वळणावर बस समोर आली. जाइल्सने दिवे चमकवले. ड्रायव्हरने इंजिन बंद केले, डबा उघडला आणि सँडविच खायला सुरुवात केली. जाइल्सने भोंगा वाजवला.

"अरे देवा," बेरिल पुटपुटली आणि आसनात खाली घसरली.

ड्रायव्हर सावकाश उतरला. तो कॉलिन, अंगाने आडवा, पन्नाशीचा. "काय राजा, घाई आहे वाटतं?"

"तुम्ही मागे घ्या ना जरा. आम्हाला थॉर्नलेकला पोहोचायचंय."

"थॉर्नलेक तुझ्या पाठीमागं राहिलं, राजा. तू उलटा निघालायस." कॉलिनने ओठांवरचे लोणी पुसले. "माझ्यामागं अर्धा मैल जागा नाही. तुझ्यामागं शंभर पावलांवर आहे. आणि माझ्या गाडीत अकरा माणसं, दोन कुत्री आणि सिस्टर पिनॉक आहेत. आता तूच ठरव."

जाइल्सने गाडी मागे घेण्यास आरंभ केला. पहिल्याच प्रयत्नात ती डाव्या बांधात घुसली, दुसऱ्यात उजव्या. आरसा मिटून काचेला चिकटला. तेव्हा बसचे दार उघडले आणि हेस्टरबाई खाली उतरल्या. बांधाला पाठ घासत त्या आमच्या गाडीच्या मागे गेल्या.

"चाक सरळ कर. आरशात काय बघतोस, मान वळवून माझ्याकडे बघ. ये. ये असाच. आता वाट उजवीकडे झुकते, कोपऱ्यावर दगड आहे. थांब म्हटलं ना! हं, ये आता."

"आई, तुला दिसतंय का तरी?"

"दगड दिसायला कशाला हवा? गेल्या चाळीस वर्षांत हलला नाही तो."

चौतीस वर्षे त्यांनी याच वाटांवरून मोटार हाकली होती: तापाच्या मुलांकडे, अडलेल्या बाळंतिणींकडे, मरणाऱ्यांच्या उशाशी, धुक्यात, बर्फात, आणि अनेकदा अशीच मागे मागे. नजरेच्या मध्यावरचा डाग त्या वाटेच्या आड येऊ शकत नव्हता. गाडी शेताच्या फाटकाजवळ रुंद जागेत नीट बसली, तेव्हा त्यांनी तिच्या तापलेल्या पत्र्यावर क्षणभर तळहात ठेवला, विकून टाकलेल्या घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. मग त्या बसकडे परतल्या.

बस आमच्या शेजारून घासत गेली. आतले अकराही जण टाळ्या वाजवत होते. आमच्या गाडीत बेरिलही वाजवत होती.

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?" जाइल्सने विचारले.

"जी पुढं गेली तिच्या," बेरिल म्हणाली.

थॉर्नलेकच्या मनोऱ्यात हेस्टरबाई दोर हातात धरून उभ्या होत्या. उशीर झाला तो आम्हाला, पाच मिनिटांचा. त्यांनी माझ्या दोराकडे नुसती मान हलवली.

घंटा थांबल्यावर, तीनला पाच कमी असताना, मला राहवले नाही. "हेस्टर, तीन पाचची बस आज नाही. खाली लिहिलंय, शाळेच्या दिवशीच."

जाइल्सने एकदम वर पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, हे मी नोंदवून ठेवतो. होती ती सुटका.

"ठाऊक आहे, मास्तर," हेस्टरबाई कोटाची बटणे लावत म्हणाल्या. "ती ओळ तिथं मीच भांडून लिहायला लावली. म्हातारा पेनरोज एका शनिवारी दोन तास उभा राहिला होता पावसात."

"मग जाणार कशा?"

"उतार उतरून."

चर्चच्या मागे पायवाट नदीपर्यंत उतरते. चौथा मनोरा पलीकडच्या काठावर, डोळ्यांसमोर होता. पुलावरून तेथे जायचे तर चौदा मैलांचा वळसा. धक्क्यावर पितळी घंटा टांगलेली असते. ती वाजवली की पलीकडून नावाडी होडी आणतो. माणसे, कुत्री आणि सायकली चालतात त्याला. मोटार चालत नाही.

बेरिलने गाडीतून आपली पिशवी काढून घेतली. "जाइल्स, तू ये हं सावकाश. मी म्हातारीबरोबर निघाले." तिच्यामागे मंडळातले इतर तिघेही निघाले.

मी गाडीच्या दाराशी उभा राहिलो. जो पक्ष मी दिवसभर मनात मांडला होता, त्याला चौदा मैल लागणार होते. समोरच्या पक्षाला आठ मिनिटे. युक्तिवाद पाळायचा, तर तो पायांनीही पाळायला हवा. मी पायवाटेकडे वळलो.

"मास्तर, निदान तुम्ही तरी!" जाइल्स ओरडला.

धक्क्यावर हेस्टरबाईंनी मला पुढे केले. "वाजवा. नियमावर बोट ठेवणाऱ्या माणसानं एकदा बोलावून तर बघावं." मी दोरी ओढली. पलीकडे एक माणूस उठला, आणि होडी काठावरून सुटली.

बरोबर चार वाजता सहाही घंटा सुरू झाल्या. हेस्टरबाई सर्वांत जड घंटेवर होत्या, आणि सारा वेळ त्यांनी एकदाही चाल ढळू दिली नाही. चौथ्या फेरीनंतर मला भान राहिले नाही, की आम्ही काही सिद्ध करण्यासाठी वाजवत होतो.

जाइल्स पोहोचला चार पंचविसाला. पुलावर समुद्रकाठी निघालेल्यांची रांग लागली होती. तो वर आला नाही. आम्ही उतरलो, तेव्हा तो कबरस्तानाच्या भिंतीवर टाय सैल करून बसला होता. हेस्टरबाई सर्वांत शेवटी, भिंतीला हात लावत, एकेक पायरी मोजत उतरल्या. तो उठला, पण हात द्यायला पुढे झाला नाही. त्या अंगणात येईपर्यंत थांबला.

"काय रे," बेरिल म्हणाली, "सोमवारी फ्लॅटवाल्याला काय सांगणार?"

जाइल्सने आईकडे पाहिले. त्या थर्मासचे झाकण उघडत होत्या.

"नको म्हणून सांगणार," तो म्हणाला. "आई आहे तिथंच राहील."