फेरफटका क्रमांक सात

बस कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर खिडकीशेजारी बसणाऱ्या बाईंना सगळे 'अचूकबाई' म्हणत. शहरातून सुटणाऱ्या प्रत्येक बसचं वेळापत्रक त्यांच्या हाताखालून जाई, आणि अकरा वर्षांत त्यात एका मिनिटाची चूक कुणाला दाखवता आली नव्हती. त्यामुळे साहेबांनी 'बसने जा, पायी फिरा' अशी पुस्तिका काढायचं ठरवलं तेव्हा ते काम आपसूक त्यांच्याच गळ्यात पडलं. एका थांब्यावर उतरायचं, शेतांमधून किंवा समुद्राच्या काठाने दोन-तीन तास चालायचं आणि दुसऱ्या थांब्यावर परतीची बस पकडायची, असे बारा फेरफटके त्यांनी लिहिले. अगदी मन लावून लिहिले. फक्त त्यातल्या एकाही वाटेवर त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. एक मोठा नकाशा, एक पट्टी आणि तासाला चार किलोमीटर हा ठोकताळा, एवढ्या शिदोरीवर त्यांनी बाराही वाटा खुर्चीत बसून पार केल्या होत्या.

पुस्तिका निघून महिना झाला नाही तोच एक पत्र आलं. अक्षर टपोरं, शाई जांभळी.

'फेरफटका क्रमांक सात सपाट, सुखद आणि सर्व वयाच्या मंडळींना झेपेल असा आहे, असं आपण म्हणता. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. खाडीच्या तोंडाशी मी गुडघाभर चिखलात रुतलो. माझा डावा बूट अजून तिथेच आहे, सुखद अवस्थेत. आपला, एक निवृत्त शिंपी.'

साहेब पोट धरून हसले. अचूकबाईंच्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या.

"नकाशात वाट आहे, साहेब. हे काका भलतीकडेच गेले असणार."

"मग जाऊन बघा की. त्यांनाही बोलवून घ्या. एक घाव दोन तुकडे."

रविवारी सकाळी बाई डबा भरू लागल्या तेव्हा नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. "तू? चालायला? कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आलीस तरी पंख्याखाली बसतेस!"

"हो, मी," असं म्हणून बाईंनी डब्याचं झाकण जरा जोरातच लावलं.

नऊ दहाच्या बसमध्ये शिंपीकाका आधीच येऊन बसले होते. सुईसारखे सरळ आणि जवळपास तेवढेच बारीक. त्यांनी बाईंना खिडकीची जागा दिली आणि पायांकडे बघून म्हणाले, "ताई, हे कचेरीत घालायचे बूट."

"मजबूत आहेत," बाई म्हणाल्या.

"शिलाई चांगली आहे," काकांनी कबूल केलं.

दीड तासाने दोघं गावाबाहेरच्या थांब्यावर उतरले. बाईंनी पुस्तिका उघडली आणि मोठ्याने वाचलं, "कुंपण ओलांडताच डाव्या हाताला जुनी पवनचक्की दिसते."

डाव्या हाताला दगडांचा एक ढीग होता आणि ढिगावर एक शेळी उभी होती.

"शेळी दिसते," काका म्हणाले.

पुढे कड्याच्या कडेने जाणारी वाट एका जागी सरळ हवेत संपत होती. खालचा भाग केव्हाच ढासळून समुद्रात गेला होता. बाईंनी नकाशा सरळ धरून पाहिला, उलटा धरून पाहिला.

"इथे वाट आहे," त्या ठामपणे म्हणाल्या.

"नकाशात आहे हो. पण समुद्राला नकाशा वाचता येत नाही ना."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. शेताच्या बांधावरून वळसा घालून दोघं खाडीच्या तोंडाशी पोचले. समोर ओली, चकचकीत वाळू पसरली होती आणि पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर होता.

"ही बघा तुटक रेघ," बाई नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या. "तुटक रेघ म्हणजे पायवाट. आणि समोर पाणी कुठे दिसतंय!"

"ताई, ओहोटी पूर्ण लागल्याशिवाय ही रेघ कुणाला सापडत नाही. मी सांगतो—"

पण बाई निघाल्याही होत्या. पहिली तीन पावलं झकास पडली. चौथ्याला उजवा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला, आणि तो काढायला जावं तर डावाही त्याच्या सोबतीला गेला. अकरा वर्षांत कधी न चुकलेली बाई खाडीत खुंटीसारखी उभी राहिली.

काकांनी 'सांगितलं होतं ना' असं म्हटलं नाही. खिशातून मोजमापाची टेप काढली, हातात दुहेरी गुंडाळली आणि दुसरं टोक बाईंकडे फेकलं. टेप तुटली. मग ते पोटावर आडवे झाले आणि त्यांनी चालायची काठी पुढे केली. बाई बाहेर आल्या, पण उजवा बूट आला नाही. वाळूतून 'बुळुक' असा आवाज आला आणि भोक बुजलं.

दोघं त्या बुजलेल्या जागेकडे बघत राहिले.

"माझा डावा आहे तिथे," काका म्हणाले. "आता जोडी झाली."

बाई जी हसायला लागल्या, त्या चिखलातच बसल्या. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. शेवटी काकाही तोंड फिरवून खुसखुसायला लागले.

तेवढ्यात बांधावरून हाक आली. एक दणकट बाई हातात बादली घेऊन उभी होती आणि तिच्यामागे वीसेक बदकं. "या महिन्यातले तुम्ही सहावे!" ती ओरडली. "कुणी लिहिलंय हो ते पुस्तक?"

काकांनी आभाळाकडे पाहिलं. बाईंनी चिखलाचा हात वर केला. "मी."

बदकवालीने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग घरात जाऊन नवऱ्याचे रबरी बूट आणले. त्यातल्या एकाच बुटात बाईंचे दोन्ही पाय मावले असते. "चला, वरची वाट दाखवते. आमची पोरं त्याच वाटेने शाळेत जायची."

"पण ती नकाशात नाही," बाई म्हणाल्या.

"कशी असेल? नकाशावाले आले होते तेव्हा आमचा कुत्रा सुटा होता."

वरची वाट कुंपणाच्या झुडपांमधून चढत चढत टेकाडाच्या माथ्यावर निघाली. तिथे वारा असा होता की नकाशा धरणंच अशक्य झालं. बाईंनी तो घडी करून खिशात घातला आणि प्रथमच मान वर केली. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला हिरवी-पिवळी शेतं, आणि मधल्या वळणावळणाच्या रस्त्यावरून आगपेटीएवढी एक बस चालली होती. बाईंनी घड्याळ पाहिलं. ती कोणती बस हे त्यांना पाठ होतं. पण तिच्या खिडकीतून एवढा समुद्र दिसत असेल, हे त्यांच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं; सकाळी खिडकीशी बसूनही त्यांची नजर नकाशातच होती.

डबा तिथेच उघडला. उकडलेली अंडी वाऱ्याने गार झाली होती, तरी एकही उरलं नाही.

"काका, एकदा बूट गेला तरी तुम्ही पुन्हा आलात?"

"मी चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलं, ताई," काका म्हणाले. "रोज पायांनी पायडल मारायचं. पाय सारखे हलत होते, पण मी जागचा हललो नाही. आता तुमची बस मला कुठेही नेऊन सोडते. एका बुटासाठी घरी बसू?"

गप्पांत वेळ गेला, आणि रबरी बुटांनी धावता येत नाही. दोघं थांब्यापासून पन्नास पावलांवर असताना तीन वीसची बस सुरू झाली. बाईंनी हात हलवला, आरडाओरडा केला. ड्रायव्हरने त्यांना ओळखलं, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि अदबीने ओरडला, "बाई, तुमचंच परिपत्रक! एक मिनिटसुद्धा थांबायचं नाही!"

बस गेली. पुढची पाच वीसला होती, आणि हेही बाईंनीच लिहिलं होतं.

दोन तास ते बाकावर बसले. बाईंनी पुस्तिकेच्या कोऱ्या पानावर सातवा फेरफटका नव्याने लिहायला घेतला, आणि काका प्रत्येक वाक्याला कात्री लावत गेले. "सुखद काढा. चढ आहे म्हणा. शेळीचं नाव घालू नका, ती उद्या दुसरीकडे जाईल."

सोमवारी साहेबांनी चिखलाचे डाग पडलेलं ते पान वाचलं. "आणि बाकीचे अकरा?"

"तेही चालून बघते. दर रविवारी एक. आणि साहेब, ती तीन वीसची बस तीन पस्तीसला सोडू या. माणसं धावत येतात."

साहेबांनी चष्मा काढला. अचूकबाई स्वतःचं वेळापत्रक स्वतःहून बदलायला निघाल्या होत्या. साहेबांनी लगेच सही केली.

पुढच्या रविवारी बाई मजबूत चामड्याचे नवे बूट बांधत असताना नवरा टोपी घालून दारात उभा राहिला. "मी फक्त बसमध्ये बसून समुद्र बघणार," त्याने बजावलं. "चालणार-बिलणार नाही."

"बरं," बाई म्हणाल्या.

पण थांब्यावर तोही उतरला, आणि आधीच येऊन थांबलेल्या शिंपीकाकांशी त्याची ओळख झाली. वाट उजवीकडे की डावीकडे यावर पाचच मिनिटांत दोघांची जुंपली आणि हातवारे करत दोघं डावीकडे निघालेसुद्धा. वाट उजवीकडे होती. डावीकडच्या कुंपणाआड एक भलामोठा बैल मोकळा उभा होता. तो दिसला की दोघं परत येतील, असा हिशेब करून बाई दगडावर टेकल्या आणि त्यांनी दोघांना खुशाल जाऊ दिलं.