रोटाच्या दिवसांतलं सोयर

"घरी विचारून सांगतो म्हणजे? मूल तुमचं, आणि विचारायचं कुणाला?" डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा कागद टेबलावर आपटला.

दीपकनं मान खाली घातली. सुरतेच्या कापडगिरणीत माणसं हाताखाली राबवणारा हा गडी, पण शिरपूरच्या त्या खोलीत त्याची बोबडी वळली होती. शेवटी त्याची वहिनी कुंदाबाईच पुढे सरली.

"बाई, पानी कमी म्हनजे काय, ते नीट सांगा."

"गर्भपिशवीतलं पाणी. बाळ त्यात तरंगत असतं. ते फार कमी झालंय. नाळ दाबली गेली, तर बाळ पोटातच जाईल. दिवस भरलेत, मग वाट कशाची बघायची? आजच दाखल करा. कळा येण्याचं औषध देऊ, नाही जमलं तर सिझर."

कुंदाबाईची धाकटी जाऊ नूतन साडी सारखी करत सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. हे तिचं पहिलंच बाळंतपण. आई नसल्यामुळे माहेर उरलं नव्हतं, म्हणून तेही सासरीच व्हायचं होतं.

दीपक बाहेर जाऊन आबांशी बोलून आला. आबा म्हणजे त्याचे वडील मोतीलाल, घरातला शेवटचा शब्द.

"आबा म्हनतस, कानबाई उठी जाऊ दे. सोमवारे दाखल करूत."

उद्या रविवार, श्रावणातली कानबाई; देवी उद्या घरात बसायची आणि सोमवारी उठून नदीवर जायची. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्याच पिठाचा रोट करायचा, आणि तो भाऊबंदांनीच खाऊन संपवायचा. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा त्यातला घास मिळत नाही. पण भाऊबंदकीत मूल जन्मलं की सोयर लागतं, आणि सोयर लागलं की कानबाई बसत नाही. मागच्या वर्षी चुलतसासूच्या सुतकानं रोट बुडाला होता. यंदा सुरतेहून, पुण्याहून सगळी भाऊबंदकी गावी आली होती, आणि यंदा रोट बुडू द्यायचा नाही, असा आबांनी हट्टच धरला होता.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सांगितलं, चढ्या आवाजात सांगितलं. दीपकनं नूतनला गाडीत बसवलं. कुंदाबाईचं रस्ताभर डोकं भणभणत होतं. या घरात अठरा वर्षं कानबाईचं पुरण तिनं वाटलं, गंगाफळाची भाजी तिनं चिरली, पण मत म्हणून कुणी तिला कधी विचारलं नव्हतं.

घरी पोचताच आबांनी फर्मान सोडलं. "पानी कमी शे ना? मंग पानी पाजा तिले. शहाळं आना."

"आबा, ते पानी न्यारं शे," कुंदाबाई म्हणाली.

"पानी काय न्यारं न्यारं ऱ्हास का?"

ओसरीवरचे पुरुष हसले. कुंदाबाईला वाटलं, हातातला तांब्या उचलून एकेकाच्या टाळक्यात घालावा.

"मन्ही मायना आठ बायंतपन घरमाच व्हयनात," आबा म्हणाले. त्या आठांतली किती जगली हे त्यांनी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

मग नूतनला तांब्यावर तांब्या पाणी पाजणं सुरू झालं. सासू कमलबाईनं शहाळी फोडली, कुणी सरबत केलं. बिचारी प्यायची, उलटी करायची आणि पुन्हा प्यायची. जो तो आपण काहीतरी केलं म्हणून खूश होता.

रविवारी दुपारी कुंदाबाई सोवळ्यानं रोटाचं पीठ मळत होती. नूतन दाराशी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अक्का, सकायपासून पोटमा हाली नही ऱ्हायनं."

कुंदाबाईनं पिठाचे हात तसेच पदराला पुसले. आधी नवऱ्याकडे, प्रेमराजकडे गेली. तो म्हणाला, आरती होऊ दे. दीपककडे गेली. त्यानं आबांच्या तोंडाकडे बघितलं. तेव्हा तिचा धीर सुटला. ती तडक शेजारच्या जीवरामच्या दारात गेली.

"भाऊ, पिकअप काढ."

"वैनी, रोट?"

"रोट गया खड्डामा!"

आतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. आबा ओसरीवरून ओरडले, "कुंदा, कानबाईना कोप व्हई!" तिनं मागं वळूनही बघितलं नाही. गाडी निघता निघता दीपक पळत येऊन मागं चढला.

डॉक्टरीणबाईंनी नूतनच्या पोटावर यंत्र ठेवलं, सरकवलं, पुन्हा सरकवलं. मग पडदा भिंतीकडे फिरवला.

"ठोके नाहीत."

"कालच सांगितलं होतं," असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान कुणीतरी कुणावर तरी चिडलं असतं.

सोमवारी सकाळी गावात कानबाई वाजतगाजत नदीवर गेली, त्याच सुमाराला इकडे मुलगी झाली. भरपूर जावळ, नखंही आलेली, नाक थेट दीपकचं. रडली तेवढी नाही. दीपकनं तिला टॉवेलात गुंडाळून पुरायला नेलं.

दुपारी आबा आले. कपाळाला कुंकू तसंच होतं. त्यांनी कुंदाबाईला व्हरांड्यात बोलावलं.

"जाणता भगतले इचारं मी. रडनं नही म्हनजे जल्मनं नही. सोयर नही. रोट मोडना नही आपला."

आबांचे डोळे ओले होते, हे खोटं नाही. पण त्यांच्या आवाजात सुटल्यासारखंही काहीतरी होतं, आणि तेच कुंदाबाईच्या जिव्हारी लागलं.

नूतनला घरी आणलं तेव्हा पाहुणे अजून गेले नव्हते. ओसरीवर खाट टाकली होती. नूतनला दूध यायला लागलं होतं, पदर ओला होत होता, आणि तो कसा लपवावा हे तिला कळत नव्हतं. कुंदाबाई तिच्या खाटेशी बसली. घरात गेलीच नाही.

कमलबाईनं आतून हाक मारली. "कुंदा, तुन्हा वाटाना रोट शे. उरू देता येस नही."

"मी खावाव नही. माले सोयर शे."

"कसानं सोयर?"

"आपला घरमा आंडेर, लेक जल्मनी. दहा दिन मी पायसू."

प्रेमराज दटावायला म्हणून उठला आणि बायकोचा चेहरा बघून परत बसला. दीपक मात्र आतून आला आणि वहिनीशेजारी जमिनीवर बसला.

"अक्का, दहा दिन?" नूतननं हळूच विचारलं.

"हा. तिन्हा शेतस त्या."

नूतन तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं रडली. कुणी तिला गप्प केलं नाही.

आबा कुंदाबाईचं ताट घेऊन उंबऱ्यापर्यंत आले. ते टाकता येत नव्हतं, बाहेरच्याला देता येत नव्हतं. त्यांनी एक तुकडा मोडून तोंडात घातला, चावत राहिले, पण तो काही त्यांच्या घशाखाली उतरेना.