ठकुबाईंनी झाकलेला पापुद्रा

मी एक पापुद्रा बोलतोय. नखाएवढ्या काचेवर बसलेला, निळसर, कांद्याच्या पापुद्र्याहूनही कितीतरी बारीक. माझ्या जातीला सेंद्रिय अर्धवाहक म्हणतात. ते ऐकून पासली गावच्या ठकुबाई म्हणाल्या होत्या, "खताचं काय तरी दिसतंय."

तांब्याच्या तारेतून वीज पळत सुटते. आमच्यात विजेचा कण एका रेणूवरून शेजारच्या रेणूवर उडी मारत जातो. शेजारी नीट खेटून बसले असतील तरच उडी जमते. पण खेटून बसायला रेणूंना वेळ लागतो, आणि शिवानीला वेळ नव्हता.

शिवानी ठकुबाईंची लेक, भोरच्या कॉलेजात एम.एस्सी.ला. दुपारी चारला तिच्या प्रकल्पाची परीक्षा होती. माझे अकरा भाऊ तिनं पंख्याखाली झटपट वाळवले. त्यांचे रेणू पंगतीत रुसलेल्या पाहुण्यांसारखे, कुणी आडवा, कुणी पाठ फिरवून. वीज दोन पावलांत अडकायची. द्रावणाच्या बाटलीत शेवटचा थेंब उरला, तो मी. मी बिघडलो असतो तर पोरीचं वर्ष गेलं असतं.

सकाळी तिनं मला काचेवर सोडलं, पंखा लावला आणि तिच्या मार्गदर्शकांकडे, केशव सरांकडे, मुदत मागायला धावली. तेवढ्यात ठकुबाई एसटीनं भाकरी घेऊन आल्या. ओलं काही उघडं दिसलं की या बाईंना राहवत नाही. पंखा बंद करून त्यांनी माझ्यावर काचेची वाटी पालथी घातली.

काय सुख वाटलं म्हणून सांगू! माझीच वाफ आत कोंडली, ओल सावकाश उडू लागली आणि रेणू सरकत सरकत एकमेकांना चिकटले.

शिवानी परत आली ती मुदत न मिळताच. मी अजून ओलाच आहे हे बघून रडायलाच लागली. वाटी उचलायला गेली, तर ठकुबाईंनी हात धरला. "भात शिजंस्तवर झाकण काढतं का कुणी? आधी दोन घास खा."

चारला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला तारा जोडल्या. वीज किती सहज जाते त्याचा आकडा आधीच्यांच्या शंभरपट. एवढा फरक कशानं, त्यांनी विचारलं. शिवानीला थाप मारता आली असती.

"मी काही नाही केलं, सर. आईनं झाकण ठेवलं."

परीक्षकांनी ठकुबाईंना आत बोलावलं. बाईंनी आकडा निरखून पाहिला. "ह्याच्यावर दिवा लागंल का?"

"नाही लागणार."

"मग पोरगी रडत कशापायी व्हती?"

परीक्षकांनी गुणपत्रक पुढे ओढलं. त्यांनी पासाचे गुण दिले.

मी आता कपाटातल्या डबीत हळूहळू विटतोय. त्याचं काही वाटत नाही. पण केशव सरांनी अहवालात लिहायला लावलं, 'बाष्पसंपृक्त वातावरणात मंद शुष्कन'. वाचकहो, एवढी विनंती आहे: तिथं 'ठकुबाईंनी वाटी झाकली' असं वाचा.