बिनफल्लीची वडी

दिवाळी सरली की दारव्ह्याच्या हवेत कापूस तरंगायला लागतो. विकायला निघालेल्या गाड्यांतून तो सुटतो, विजेच्या तारांना लागतो, बाभळींना लागतो आणि उरलासुरला माणसांच्या डोक्यावर बसून त्यांना वयापेक्षा मोठं करतो. त्या वर्षांत कापसाला कोणी विचारीत नव्हतं. गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्याच्या उभ्या राहत, त्यामुळे गावावर कापूसही जास्त उडे. दुपारी सगळं पांढरट, मऊ आणि थोडं खोटं दिसे. झोपेतून उठलेल्या माणसाला आपण उठलो की नाही हे जरा वेळ कळत नसे.

त्या पांढऱ्या दुपारी गुळाच्या पाकाचा वास आला, म्हणजे सुचित्राबाईंच्या घरी वड्या चालल्यात हे गल्लीत सगळ्यांना कळे.

वड्यांची सुरुवात त्यांच्या नवऱ्याच्या, मधुसूदनरावांच्या, साखरेपासून झाली. ते तहसीलमधून निवृत्त झाले आणि त्याच सुमारास त्यांच्या रक्तात साखर निघाली. जेवणानंतर गोड लागतं म्हणून ते लहान मुलासारखे रुसायला लागले. सुचित्राबाईंनी ज्वारीच्या लाह्या, जवस, तीळ आणि खारीक कुटून गुळाशिवाय वड्या थापल्या. मधुसूदनरावांनी त्या खाल्ल्या आणि चौकात जाऊन सांगितलं. मग काय, गावात प्रत्येक घरात काहीतरी न खाणारं एक माणूस निघालं. पंजाबरावांच्या नातीला गहू सोसत नव्हता. बाजारातल्या जैन आजींना मध चालत नव्हता. शाळेतल्या जयाबाईंना नक्की काय चालत नव्हतं ते त्यांनाही सांगता येत नव्हतं, पण वडी वेगळी हवी होती. पथ्य हा घरातला एक मान आहे. ज्याला पथ्य त्याचं ताट वेगळं, आणि ताट वेगळं झालं की माणूस तिथेच निम्मा बरा होतो.

सुचित्राबाई मात्र हे सगळं खरं मानून करत. बिनगव्हाच्या वड्यांच्या कढईच्या कानाला लाल धागा, बिनगुळाच्या कढईला पिवळा. लाह्या आणि तीळ बंजारा तांड्यावरची रामीबाई आणून देई. तिच्या नवऱ्याने, देवीलालने, कापसाला कंटाळून अर्ध्या वावरात पुन्हा ज्वारी-तीळ घेतला होता. "कापूस का खाता येते?" एवढंच त्याचं म्हणणं होतं. रामीबाई लाह्या द्यायला येई आणि पाक होईपर्यंत बसून राही. तिचं येणं लाह्यांसाठी किती आणि बसण्यासाठी किती, याची वाटणी कोणी केली नाही.

त्या कार्तिकात लेकीचा, गौरीचा, नागपूरहून फोन आला.

"आई, मला महिनाभर मुंबईला ट्रेनिंग आहे. सलील हैदराबादला. अनघाला तुझ्याकडे ठेवावं म्हणते."

सुचित्राबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पण मी आधी येईन, बघेन, मग ठरवीन."

"बघ की. घर तुझंच आहे."

"घर नाही गं आई. स्वयंपाकघर."

त्याला कारण होतं. अनघा दोन वर्षांची असताना सुचित्राबाईंनीच तिच्या तोंडात दाण्याच्या लाडवाचा घास घातला होता. दाणा, ज्याला इकडे फल्ली म्हणतात, तिला चालत नाही हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. पोरीचे ओठ बघता बघता सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला आणि सगळे जीप करून यवतमाळला धावले. पोर वाचली. पण त्यानंतर गौरी तिला घेऊन दारव्ह्याला आली नाही. भेटायचं तर आजी-आजोबांनी नागपूरला जायचं, आणि जाताना खायचं काही न्यायचं नाही. मुलीच्या घरी रिकाम्या हातांनी जाणं सुचित्राबाईंना फार जड जाई. आता नात महिनाभर राहणार होती, आणि ते एका स्वयंपाकघरावर ठरणार होतं.

त्यांनी घर उलटंपालटं केलं. रामीबाई आली तेव्हा सगळे डबे अंगणात उन्हाला बसले होते.

"बाई, तुमी त लगनघरच करून राह्यल्या!"

"रामीबाई, हा फल्लीचा डबा घेऊन जा तुमच्या घरी. हे तेलही. यापुढे घरात तूप आणि तिळाचं तेल."

"मंग भाऊसायेब एकादशीले काय खातीन?"

"भगर खातील, राजगिरा खातील. नाहीतर त्या दिवशी खराखुरा उपास करतील, देवालाही जरा नवल वाटेल."

रामीबाई पदर तोंडाला लावून हसली. आतल्या पलंगावर मधुसूदनराव जागे होते, पण झोपल्याचं त्यांनी तसंच चालू ठेवलं.

गौरी यायच्या दिवशी सकाळी एकच प्रश्न उरला. कढई कोणती? लाल धाग्याच्या कढईत कधीमधी दाण्याच्या वड्या झाल्या होत्या, पिवळीतही. सुचित्राबाई स्टुलावर चढल्या आणि देवघराच्या वरच्या फळीवरून कापडात गुंडाळलेली लोखंडी कढई उतरवली. ती सासूबाईंची होती. तिला कांदा माहीत नव्हता, लसूण माहीत नव्हता, धान्याचा कण माहीत नव्हता. तिला खरकटा हात कधी लागला नव्हता. तेल पिऊन पिऊन ती काळी कुळकुळीत झाली होती आणि उन्हात धरली तर आरशासारखी चमके.

"हिच्याहून चोख भांडं घरात नाही," सुचित्राबाई म्हणाल्या.

रामीबाईने कढईला बोट लावून ते कपाळाला नेलं. "देवाची कढई हाय, बाई. हिच्यात बाधा कायची होते?"

पाक उकळला. धान्याच्या लाह्या त्या कढईत पहिल्यांदाच पडल्या, तीळ पडले, खोबरं पडलं, सगळं परातीत थापलं गेलं. कोमट असतानाच सुचित्राबाईंनी सुरीने सरळ रेघा मारल्या. 

गौरी दुपारी आली. यवतमाळहून जीपमध्ये दाटीने बसून आल्यामुळे दोघींच्या केसांत कापूस होता. अनघा आता सहा वर्षांची होती. तिने आजीकडे पाहिलं, मग ज्या घरात आपण एकदा मरायला टेकलो होतो म्हणतात त्या घराकडे मोठ्या उत्सुकतेने पाहिलं.

गौरी स्वयंपाकघरात शिरली आणि बँकेचे तपासनीस हिंडतात तशी हिंडली. डबे उघडले, हुंगले. तेलाची बरणी उजेडात धरली. मिक्सरच्या भांड्यात बोट फिरवलं.

"दाणे?"

"घरात एक नाही. रामीबाई घेऊन गेल्या."

"तेल?"

"तिळाचं."

"आणि हे ग्रॅनोला बार कशात केलेस?"

"दारव्ह्यात बार म्हटलं की तुझे बाबा टोपी घालून निघतील. वड्या म्हण. उपासाच्या कढईत केल्या."

"उपासाच्या?" गौरीचा चेहरा सैल झाला. "हां. मग ठीक."

ती याच घरात वाढली होती. उपासाचं म्हटलं की पुढे विचारायचं नसतं, हे तिच्याही हाडात होतं. ती हातपाय धुवायला मागे गेली. सुचित्राबाईंनी परातीतली एक वडी उचलून अनघाच्या हातात दिली.

"आजी, ही माझी एकटीची?"

"सगळी परात तुझी."

अनघाने वडी आधी उजेडात धरली. लाह्यांतून ऊन पिवळं होऊन तिच्या गालावर आलं. बाहेर कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली आणि थांबली. कापसाचा एक पुंजका खिडकीतून आत आला, खाली पडावं की नाही ते त्याचं ठरेना. ही दुपार अशीच राहील आणि पोर अशीच चुलीपाशी उभी राहील, असं सुचित्राबाईंना वाटलं.

तेवढ्यात पलंगावरून मधुसूदनराव उठून आले. डोळे अर्धे मिटलेले, धोतराचा सोगा हातात.

"अगं, आज एकादशी का? सांगितलं नाहीस. मी सकाळी पोळी खाऊन बसलो ना!"

"नाही. काहून विचारून राहिले?"

"घरभर खिचडीचा वास येऊन राहिला."

खिचडीचा वास.

सुचित्राबाईंनी श्वास घेतला आणि त्यांनाही तो आला. गुळाच्या खाली दबलेला, जुना, ओळखीचा. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, फल्लीच्या तेलात परतलेली भगर. सासूबाईंच्या सगळ्या एकादश्या, सगळे श्रावण सोमवार त्या काळ्या लोखंडात मुरलेले होते. ज्याला कांदा शिवला नाही, त्यात वर्षानुवर्षं दाण्याचा कूटच शिजला होता.

हे फक्त त्यांना कळलं होतं. मधुसूदनराव पुन्हा जांभई देत होते. गौरीच्या बादलीचा आवाज मागून येत होता. कढई घासलेली होती, दोनदा. काही होणारही नाही कदाचित. आणि सांगितलं, तर संध्याकाळच्या जीपने दोघी परत.

अनघाने तोंड उघडलं.

सुचित्राबाईंनी वडी तिच्या हातातून हिसकावून घेतली. इतक्या जोरात की पोर आधी थक्क झाली आणि मग गळा काढून रडली. गौरी ओल्या पायांनी धावत आली.

"काय झालं? खाल्लं का तिने? आई, खाल्लं का?"

"नाही. तोंडाला लागली नाही." सुचित्राबाईंनी वडी मुठीत आवळली. "गौरी, त्या कढईत तुझ्या आजीपासून खिचडी होते. मला आठवलंच नाही. मला ती शुद्ध वाटली."

गौरीने आधी अनघाचे हात साबणाने धुतले, मग चेहरा, मग पुन्हा हात.  भिंतीशी ठेवलेली बॅग तिने उचलली.

"जा तू," सुचित्राबाई म्हणाल्या. "मी अडवणार नाही."

गौरी दारापर्यंत गेली, आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. बॅग मांडीवर. बराच वेळ ती रस्त्यावरच्या गाड्यांकडे पाहत राहिली.

"तू मला सांगितलं होतंस," ती शेवटी म्हणाली. "उपासाच्या कढईत केल्या म्हणून. मी म्हटलं ठीक. नागपुरात मी पाकिटावरची अक्षरं भिंगाने वाचते, आई. आणि इथे ठीक म्हटलं."

सुचित्राबाई तिच्यामागे उभ्या होत्या. खांद्यावर हात ठेवावा की नाही, त्यांना ठरवता येईना.

"आणखी काय काय आहे उपासाचं?" गौरीने विचारलं.

"खलबत्ता. लाकडी पळी. झारा. चाळणी. वरची पितळी."

"काढ सगळं."

मग अंगणात ढीग झाला. पळी आली, झारा आला, पोटात पांढरा कूट धरलेला खलबत्ता मधुसूदनरावांनीच कण्हत उचलून आणला. आपला सगळा परलोक पोत्यात चाललेला पाहून ते म्हणाले, "माझं पुण्य तरी ठेवा थोडं घरात." बोलावून घेतलेली रामीबाई पोत्याचं तोंड बांधत होती. "भाऊसायेब, तांड्यावर या ना एकादशीले. पुण्य तिथंच करू." सासूबाईंची कढई सुचित्राबाईंनी स्वतः पोत्यात ठेवली. तेव्हा त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही.

गौरी त्या रात्री राहिली. सकाळी मायलेकी कुंभाराकडून कोरं खापर घेऊन आल्या. चुलीपाशी गौरी उभी राहिली, पाक तिनेच हलवला. सुचित्राबाईंनी फक्त लाह्या टाकल्या आणि थापल्या. गौरीने पहिली वडी स्वतः मोडली, तिळाएवढा तुकडा अनघाच्या ओठाला लावला, आणि मग काही होतं का ते पाहत तिघीही तिथेच बसून राहिल्या. पोरीला ते खेळासारखं वाटलं. ती डोळे मोठे करून दोघींकडे आळीपाळीने पाही.

काही झालं नाही.

दुपारच्या जीपने गौरी गेली. एकटी. जाताना तिने औषधाची इंजेक्शनं फ्रिजवर कुठे ठेवलीत ते तीनदा दाखवलं, आणि सुचित्राबाईंकडून तीनदा म्हणवून घेतलं.

जीप दिसेनाशी झाली. अनघा ओट्यावर आजीच्या मांडीला टेकून अख्खी वडी खात होती. दातांत लाह्या करकरत होत्या. रस्त्याने एक रिकामी गाडी परत चालली होती, गाडीवान आडवा झोपला होता, बैल आपलेआप घरी निघाले होते. कापूस विकला गेला की टाकून दिला, कोण जाणे. सुचित्राबाई रस्त्याकडे पाहतच नव्हत्या.

"आजी, माझ्या ओठांकडे काय बघत आहेस?"

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "हळू चाव."