बघू म्हणजे नाही

गुरुवारी दुपारी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हते. काचेच्या कपाटांवरून फडके फिरवून झाले होते, आणि गल्ल्यावर बसणारी, जिला तिच्या अखंड बोलण्यामुळे सगळे दुकान 'रेडिओ' म्हणत असे, शनिवार-रविवारच्या सहलीचा बेत पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली होती. शनिवारी उजाडताना निघायचे, दुपारपर्यंत समुद्रावर पोहोचायचे, रविवारी रात्री परत. गाडी काचा घासून बसवणाऱ्या काकांची. गाडीत काका, काकू, रेडिओ, आणि चौथी जागा ताईंची.

ताई म्हणजे आतल्या अंधाऱ्या खोलीत डोळे तपासणाऱ्या बाई. दुकानातल्या सगळ्यांच्या त्या ताईच होत्या, आणि घरीही एका भावाच्या ताईच.

"ताई, तुमचं नक्की ना पण? भाऊ येतोय ना बाबांजवळ राहायला?" रेडिओने विचारले.

"बघू म्हणालाय."

"बघू म्हणजे हो की नाही?"

"बघू म्हणजे बघू," काका चाकावरची काच उचलून उजेडात धरत म्हणाले. "ते चष्मा लावूनसुद्धा नीट दिसत नाही कुणाला."

"काका, गंमत नको. माझी नणंद मागे लागलीये. ताई येणार नसतील तर मला घे म्हणते. आज सांगायचंय तिला, नाहीतर आयुष्यभर ऐकवेल."

"सांगते संध्याकाळपर्यंत," ताई म्हणाल्या. एवढ्यात एक गृहस्थ आले, म्हणून त्या आत गेल्या.

खरे तर सांगण्यासारखे काही उरले नव्हते. उत्तर त्यांना रविवारीच मिळाले होते.

त्यांचा भाऊ, वयाची पंचेचाळिशी ओलांडली तरी घरात 'छोट्या'च राहिलेला, दूरच्या शहरात नोकरी करत असे आणि दर रविवारी सकाळी फोन करत असे. बाबांची चौकशी पहिल्या दोन वाक्यांतच आटोपे. बाबा कसे आहेत याचे उत्तर बदलण्यासारखे नव्हते आणि ते पुन्हा पुन्हा ऐकण्याइतके बळ दोघांतही नव्हते. मग राहिलेला वेळ ती दोघे सिनेमांविषयी बोलत. कोणता पाहिला, कुणाचे काम बरे झाले, दिग्दर्शकाने कुठे माती खाल्ली. छोट्याची मते ठाम असत. ताईंची नसत, कारण त्यांनी हल्ली एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नव्हता. बाबांना भरवून, औषध देऊन, कूस बदलून दिल्यावर त्या फोन उशीला टेकवून सिनेमा लावत आणि त्यातली माणसे एकमेकांना धड ओळखू लागण्याच्या आत झोपी जात.

गेले काही आठवडे एकच सिनेमा तुकड्यातुकड्याने चालला होता. त्यातला एक निवृत्त माणूस रोज संध्याकाळी घरातून निघून स्टेशनवरच्या बाकावर जाऊन बसतो. तो कुणाची वाट बघतो हे बायकोला ठाऊक नसते. एके दिवशी ती चपला हातात घेऊन जिन्यावरून त्याच्या मागोमाग निघते. नेमक्या त्याच ठिकाणी ताईंचा डोळा लागे. ती बिचारी कित्येक रात्री चपला हातात घेऊन त्याच जिन्यावर उभी होती.

"अगं, वीसच मिनिटं राहिलीत," छोट्या रविवारी म्हणाला होता. "मी पण तिथंच थांबलोय. बसमध्ये बघत होतो, बॅटरी गेली."

तेव्हा ताईंनी धीर करून, जणू सिनेमाबद्दलच बोलत असल्यासारखे, एका दमात सांगून टाकले होते, "मग तू शुक्रवारी ये ना. शनिवार-रविवार बाबांजवळ राहा, मी जरा समुद्रावर जाऊन येते दुकानातल्या लोकांबरोबर. आणि ती शेवटची वीस मिनिटं शुक्रवारीच एकत्र बघू."

पलीकडे कुणीतरी छोट्याला हाक मारली. "बघू," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

हा शब्द त्या घरात नवा नव्हता. बाबा पूर्वी कशालाही नाही म्हणत नसत. सहलीला जायचे? बघू. नवे बूट? बघू. रविवारी सिनेमा? बघू. "बघू म्हणजे नाही. कळलं ना? आता गप्प बसा," असा त्याचा अर्थ आई स्वयंपाकघरातून सांगे. दोघा भावंडांनी मग त्याची थट्टाच करून टाकली होती. सोमवारी शाळेत मुले रविवारी पाहिलेल्या सिनेमाचे नाव विचारत, तेव्हा छोट्या छाती काढून सांगे, "बघू! तिसऱ्यांदा पाहिला." मात्र एक नियम थट्टेपलीकडचा होता. बघू म्हटल्यावर पुन्हा विचारायचे नाही. पुन्हा विचारले की बाबांचा चेहरा असा काही होई, की मागणाऱ्यालाच आपण भीक मागितल्यासारखे वाटे. म्हणून ताईंनी सोमवारी फोन केला नाही, मंगळवारी नाही, बुधवारीही नाही.

अंधाऱ्या खोलीत गृहस्थ खुर्चीवर, यंत्राला हनुवटी टेकवून बसले होते. ताईंनी एक काच सरकवली, मग दुसरी. "आता बघा. हे बरं, की हे?"

"दोन्ही सारखंच दिसतंय हो."

"डोळे मिटून घ्या जरा. थकलेत ते. घाई नाही."

गृहस्थांनी डोळे मिटले. ताईंनीही स्टुलावर बसल्या बसल्या मिटून घेतले. भिंतीवरच्या अक्षरांचा हिरवट उजेड पापण्यांआडही थोडा वेळ राहिला. त्यांना समुद्र आठवायचा होता, पण आठवली ती फक्त त्या गाडीतली मागची जागा, खिडकीला डोके टेकता येईल अशी.

बाहेर आल्यावर त्यांनी रेडिओला सांगितले, "तुझ्या नणंदेला ने. माझं नाही जमत."

रेडिओने नणंदेला लावायला उचललेला फोन पुन्हा खाली ठेवला. "विचारून तर बघा ना भावाला परत."

"विचारलंय एकदा."

काकांनी चाक बंद केले होते. त्यांनी आपल्या डब्यातली साखर ताईंच्या चहात नेहमीपेक्षा जरा जास्त टाकली.

शुक्रवारी संध्याकाळी ताई घरी आल्या, तेव्हा दिवसभर बाबांजवळ राहणारी बाई पर्स खांद्याला लावून दारातच उभी होती. "आज जेवले नीट. दोनदा विचारलं, मुलगी कुठाय म्हणून. मी म्हटलं, लोकांना डोळे द्यायला गेलीये." ती गेली. ताईंनी हात धुतले, बाबांच्या पाठीमागची उशी सारखी केली आणि स्वयंपाकघरात दुधाचे भांडे आचेवर ठेवले, इतक्यात दाराची घंटा वाजली.

दारात छोट्या उभा होता. खांद्यावर फुगलेली बॅग, हातात अर्धी प्यायलेली पाण्याची बाटली, आणि प्रवासाने सुजलेले डोळे.

"बस दोन तास उशिरा निघाली," तो म्हणाला. "तुझी बॅग भरून झाली? अशी काय बघतेस?"

"तू कसा आलास?"

"कसा म्हणजे? बसने."

"तू येणार होतास?"

छोट्याने बॅग खाली ठेवली. "ताई, तूच म्हणालीस ना, शुक्रवारी ये. मी सोमवारची रजासुद्धा टाकलीये."

"तू बघू म्हणालास."

"हो. बघू."

"बघू म्हणजे नाही."

"अगं, तू म्हणालीस वीस मिनिटं एकत्र बघू. मी म्हटलं, बघू! आपण सिनेमा बघू, तसलं बघू!" बोलता बोलता त्याचा स्वर उतरला. आपण काय बोलून बसलो आणि ते कुणाच्या आवाजात ऐकले गेले, हे त्याला उंबरठ्यावर उभ्या उभ्याच उमगले असावे. "तू सहल रद्द केलीस?"

"जागा दिली दुसरीला."

"मग एक फोन करायला काय झालं होतं तुला?"

"आणि तुला? निघालो म्हणून कळवायला काय झालं होतं?"

"ठरलं होतं ना! ठरलेलं काय कळवायचं?"

स्वयंपाकघरात दूध उतू गेले. ताई धावत गेल्या आणि आच बंद करून तिथेच ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना राग यायला हवा होता, पण रागालाही काही शिल्लक ऊर्जा लागते. छोट्या मागे येऊन फडके शोधू लागला. ते जिथे नेहमी असे तिथेच होते, तरी त्याला सापडत नव्हते.

"फोन कर तिला," तो ओटा पुसत म्हणाला. "सांग, भाऊ टपकलाय, जागा परत दे."

ताईंनी फोन लावला. रेडिओचा आवाज छोट्यालाही ऐकू येत होता. "अहो ताई! आता काय सांगू! नणंदबाई आजच येऊन बसल्यात माझ्याकडे. वाळूत घालायला नव्या चपला घेतल्यात, त्या घालून घरभर फिरतायत. आता नाही म्हटलं तर मला समुद्रातच बुडवतील."

"नको, राहू दे. मजा करा," ताई म्हणाल्या.

छोट्याने फडके पिळून नळावर टाकले. मग तो म्हणाला, "उद्या तू काही करायचं नाही. कुठे जायचं तिथे जा."

"कुठे जाऊ?"

हा प्रश्न त्यांनी खरोखरच विचारला होता.

शनिवारी सकाळी ताई नेहमीच्या वेळी उठल्या, तेव्हा छोट्या बाबांचे तोंड पुसत होता. पाणी गळ्याखाली ओघळून बाबांचा सदरा भिजला होता. "असं नाही, मानेखाली टॉवेल आधी..." म्हणत त्या पुढे झाल्या. छोट्याने त्यांना खांद्याला धरून आतल्या खोलीत नेले आणि बाहेरून दार ओढून घेतले. "भिजू दे. वाळेल."

ताई पलंगावर बसल्या. आता कपडे बदलून बाजारात तरी जावे, असा विचार करत त्यांनी क्षणभर पाठ टेकली.

जाग आली तेव्हा ऊन खिडकीच्या दुसऱ्या बाजूला गेले होते. बाहेर छोट्याचा आवाज येत होता. "बाबा, तोंड उघडा. अहो, हे औषध आहे, वाण्याचं बिल नाही, एवढं काय तोंड वाकडं करताय?" त्याहून आश्चर्य म्हणजे बाबांच्या हसण्याचा आवाजही आला. ताईंनी कूस बदलली आणि पुन्हा झोपल्या. मधे केव्हातरी फोनवर समुद्राचे फोटो येऊन पडले. एकात काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते, एकात कुणाच्या तरी नव्या चपला वाळूत होत्या. ताईंनी ते पाहिले ते थेट संध्याकाळी.

"कशी झाली सहल?" बाहेर आल्यावर छोट्याने विचारले. त्याच्या शर्टावर बाबांच्या जेवणाचा पुरा इतिहास होता.

"छान. गर्दी नव्हती."

त्याने बाबांना खुर्चीत बसवले होते. आदल्या रात्री राहून गेलेल्या त्या शेवटच्या वीस मिनिटांसाठी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. एका बाजूला छोट्या, एका बाजूला ताई, मधे बाबा. छोट्याने सुरू करण्याआधी बाबांकडे वाकून मोठ्याने विचारले, "बाबा, सिनेमा लावतोय. बघायचा ना?"

बाबांनी दोघांकडे पाळीपाळीने पाहिले. कपाळाला आठी घातली, जणू महिनाअखेरचा खर्च मनात मांडत होते.

"बघू," ते म्हणाले.

छोट्या आधी हसला, मग ताई, आणि मग दोघांनाही थांबवता येईना. बाबा रागावले. "हसायला काय झालं? एकदा सांगितलं ना, बघू म्हणून!" त्यावर ताईंच्या डोळ्यांतून पाणी आले. ते हसण्याचेच आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

सिनेमा सुरू झाला. बायको अखेर जिना उतरली, गल्ल्या ओलांडत नवऱ्याच्या मागोमाग चालू लागली. ताईंनी सवयीने झोपेची वाट पाहिली, पण ती आली नाही. बाबांच्या पलीकडून घोरण्याचा आवाज आला. दिवसभर उचलून, भरवून, पुसून दमलेला छोट्या खुर्चीतच, मान एका बाजूला टाकून झोपला होता. ताईंनी त्याला उठवले नाही.

स्टेशनवर कुणीच आले नाही. गाडी आली, गेली, दिवे लागले. तो माणूस बसूनच राहिला. शेवटी बायको खांबाआडून पुढे आली आणि काहीही न विचारता बाकाजवळ उभी राहिली. त्याने तिच्याकडे पाहिले नाही, फक्त थोडा बाजूला झाला.

"सरकला," बाबा म्हणाले.

"हो बाबा. सरकला."

एवढाच शेवट होता.

रविवारी दुपारी छोट्याने बॅग भरली. सोमवारची रजा असली तरी बस रविवारचीच मिळाली होती. दारात बूट घालता घालता त्याने विचारले, "अगं, शेवट सांग ना. कोण येतं स्टेशनवर?"

"तू बघ की घरी जाऊन."

"आता कुठला बघतोय! सांग, मैत्रीण येते ना त्याची? मी पहिल्यापासून म्हणतोय."

ताईंनी दाराच्या कडीवर हात ठेवला. कालच्या झोपेनंतरही अंग जड होते. इतक्या वर्षांचा शीण एका शनिवारात फिटत नाही, हे त्यांना आता कळले होते. पण त्या शनिवारावाचूनही चालणार नव्हते, हेही कळले होते.

"पुढच्या महिन्यात येशील तेव्हा सांगेन."

छोट्या बुटाची नाडी हातात धरून वर पाहत राहिला. "ही लाच झाली."

"हो."

"आणि जाणार कुठे तू?"

"ते मी ठरवेन. तू येणार आहेस का, ते सांग."

तो उभा राहिला. त्याच्या ओठांवर तो शब्द आला होता, हे ताईंना स्पष्ट दिसले. भिंतीवरच्या सगळ्यात खालच्या ओळीतली बारीक अक्षरेही ज्यांना रोज वाचावी लागत, त्यांना एवढे दिसणारच.

"पुन्हा विचारतेय हं मी," त्या म्हणाल्या. त्या घरात हे वाक्य पूर्वी कुणी उच्चारले नव्हते.

"येईन," छोट्या म्हणाला. "दुसऱ्या शुक्रवारी."

जिन्यावरून त्याची पावले उतरत गेली. आतून बाबांनी हाक मारली. उशी पुन्हा सरकली होती.